व्याख्या : लिंबूटिंबू

समुद्रावर एक हात आला. काळा, पाच बोटांचा, समुद्राच्या निम्म्या रुंदीचा. खाली खाली चाललेला पाणबुड्या त्या तळव्याआड क्षणभर दिसेनासा झाला, आणि पुन्हा दिसला तेव्हा वळलेला होता, वर येत होता. अंधारात सगळा वर्ग एकदम कण्हला. "अरे यार!" "इतक्यात?" "कुणाचा हात होता तो?" तो हात आपला आहे हे तिला जरा उशिरा कळलं, झोपेत अंगाखाली दबून मुंग्या आलेला हात आपलाच आहे हे कळायला वेळ लागतो तसं. ती वर्गाच्या मागच्या भिंतीशी, प्रोजेक्टर ठेवलेल्या कपाटाला टेकून उभी होती आणि मुलांची डोकी मोजत होती. डोकी मोजायला बोट उचलावं लागतं, बोटामागोमाग हात जातो, हात झोतात जातो, आणि झोताच्या तोंडाशी असलेल्या वस्तूची सावली मोठी पडते; यात नवल काहीच नव्हतं. पण मोजणी कितव्या डोक्याशी तुटली ते तिला आठवेना. छातीत काहीतरी घट्ट आवळून नुकतंच सुटलं होतं. तोंड उघडं होतं. म्हणजे मघापासून तीही श्वास धरून उभी होती की काय? हात मोजायला वर गेला होता की दम सुटला म्हणून, हे तिला तेव्हा ठरवता आलं नाही आणि नंतरही कधी आलं नाही.

"मागच्या मॅडमचा हात," पुढून कुणीतरी चुगली केली.

"पाहुण्यांचा धरायचा नाही ना, सर?"

"हात तो हात," विज्ञानाचे सर अंधारातून म्हणाले. "धरायचा."

आणि तिसऱ्या बाकावरून एक जाडसर, बसक्या आवाजाची मुलगी हर्षानं ओरडली, "आज मी दुसरी! सर, ऐका ना, आज मी पहिली नाही, दुसरी!"

धरायचा. या शब्दानं ती दचकली. कारण तिच्या लहानपणी हा शब्द नेहमी दुसऱ्या टोकानं यायचा. हिचं धरायचं नाही. ही पकडली गेली, धरायचं नाही. हिनं कुणाला पकडलं, तेही धरायचं नाही. दादा गल्लीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच जाहीर करायचा, "ही लिंबूटिंबू." सगळे माना डोलवायचे. मग राज्य कुणावर ते ठरायचं. राज्य घ्यायला कुणालाच नको असायचं, ज्याच्यावर यायचं तो कुरकुरायचा, आणि तिला मात्र जगात दुसरं काही नको होतं. एकदाच आपल्यावर राज्य यावं. आपण भिंतीकडे तोंड करून आकडे मोजावेत आणि आपल्याला भिऊन सगळ्यांनी पळावं. पण तिला दमा होता. चार पावलं पळाली की छाती वाजायची, बारीक शीळ घालावी तशी, आणि म्हणून लपंडावात तिच्याजवळ लपायलाही कुणी तयार नसायचं. "तू शीळ घालतेस," सगळे म्हणायचे, "तुझ्यामुळे आम्ही सापडतो." ती श्वास धरायची. जिन्याखाली, पिंपामागे, वाळत घातलेल्या चादरींआड गुडघे पोटाशी घेऊन श्वास धरून बसायची, आणि सुटायचा तेव्हा तो इतक्या मोठ्यानं सुटायचा की राज्य असलेला हसत हसत यायचा, तिला बघायचा, आणि तिला ओलांडून पुढे जायचा. ओलांडून. ती सापडली हे कुणी धरायचंच नाही.

(क) 'खेळाडू' म्हणजे अशी व्यक्ती, जिच्या हातात कंट्रोलर आहे.

(ख) 'प्रेक्षक' म्हणजे अशी व्यक्ती, जी पडद्याकडे पाहते, आणि जिच्या असण्यानसण्याने खेळात फरक पडत नाही.

या दोन ओळी तिच्याच हातच्या. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत परवान्यांच्या विभागात तिचे केस पांढरे झाले होते, आणि शाळांचे परवाने तर सुरुवातीपासून तिच्याच टेबलावर. घरी खेळायला घेतलेला गेम वर्गात लावायचा तर वेगळा करार लागतो. घर म्हणजे घर, वर्ग म्हणजे चार लोकांत. शाळा अर्ज करते, ती कलमं घालते, चिरंजीव सही करतो. चिरंजीव म्हणजे विभागप्रमुख, तिच्यापेक्षा वयानं इतका लहान की त्याच्या पाठीमागे सगळे त्याला याच नावानं ओळखत, आणि तोंडावर साहेब म्हणत. ज्यांचे परवाने ती करायची त्यातला एकही गेम तिनं कधी खेळलेला नव्हता. न्हाव्याचे केस वाढलेले, असं सहकारी म्हणायचे. ती हसून म्हणायची, मला कुठे वेळ. खरं कारण साधं होतं, तिला कुणी कधी "घे" म्हटलं नव्हतं आणि आपण होऊन मागायची तिला सवय नव्हती.

तर, 'तळ' नावाचा हा गेम. एक पाणबुड्या, कमरेला लाल दोरी, पाठीवर हवेची टाकी नाही. एका दमात जेवढं खाली जाता येईल तेवढं जायचं आणि वर यायचं. दम किती उरला ते दाखवणारा काटा नाही, आकडा नाही, फक्त काळजाचे ठोके. घरोघरी लोक त्याला बुडवतात. बुडवत बुडवतच शिकतात, म्हणून कंपनीचं यंत्र प्रत्येक प्रतीतली बुडणी मोजत असतं. आणि एका शाळेच्या प्रतीत पाणबुड्या एकदाही बुडालेला नव्हता. रोज सकाळी एक बुडी, दर खेपेला आदल्या दिवसापेक्षा बोटभर खोल, आणि परत. "कुठेतरी पाणी मुरतंय," चिरंजीव म्हणाला होता. "कुणी न बुडता खेळतं का? चीटिंग असणार." त्याच आठवड्यात त्याच शाळेच्या विज्ञानाच्या सरांचा अर्ज आला, की आम्ही हा गेम वर्गात चालवतो आहोत, आम्हाला रीतसर परवाना हवा. अर्जात दोन खाने होते. खेळाडूंची संख्या : तिथे त्यांनी लिहिलं होतं, सगळे. प्रेक्षकांची संख्या : कोणी नाही. यंत्रानं अर्ज थुंकून टाकला, कारण खान्यात आकडाच लागतो. "जाऊन मोजून या," चिरंजीव तिला म्हणाला. "आकडा आला तर ठीक, नाहीतर ती प्रत इथून बंद करू." प्रत बंद म्हणजे पाणबुड्या जिथे असेल तिथेच राहणार. म्हणजे ती मोजायला आली होती. आणि मोजता मोजता तिचा हात वर गेला होता.

खिडक्यांवरचे पडदे बाजूला झाले. उजेडात वर्ग एकदम लहान झाला, बाकं, डबे, पाण्याच्या बाटल्या, फळ्याच्या जागी ताणून बांधलेली पांढरी चादर. मघाशी इथे समुद्र होता. तिला खरंच वाटलं की चादर हाताला ओली लागेल. सर तिच्याकडे आले, बुटके, खडूनं भरलेल्या बाह्यांचे. मुलं त्यांना बुडबुडे सर म्हणतात हे तिला येताना जिन्यातच कळलं होतं.

"नियम तुम्हाला मघाशी सांगितला तो नीट कळला नाही वाटतं," ते म्हणाले.

"कळला होता," ती म्हणाली. खरं तर तपासनीस जसे ऐकतात तसा तिनं तो ऐकला होता, मान हलवत. "एकाच्या हातात कंट्रोलर. बाकीच्यांनी श्वास धरायचा. ज्याचा दम सुटेल त्यानं हात वर करायचा. हाताची सावली पाण्यात पडते."

"आणि पहिला हात पडला की वळायचं. दुसऱ्याची वाट बघायची नाही. हे मुख्य."

"पहिला म्हणजे सगळ्यात कच्च्या मुलाचा."

"कच्च्या काय," सर म्हणाले, आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलीला हाक मारली, "ए घड्याळ, इकडे ये." ती मुलगी आली. तिच्या खिशात दम्याचा निळा पंप होता, अर्धा बाहेर डोकावणारा. तो दिसताच पाहुणीचा स्वतःचा हात पर्समधल्या पंपाकडे गेला. "ही आमचं घड्याळ. रोज पहिला हात हिचा. पहिल्या दिवशी काय झालं, सगळी आपोआप श्वास धरून बघत होती, हिचा सुटला, बाहेर जायचं म्हणून हिनं हात वर केला, सावली पडली, कंट्रोलरवाली घाबरून वळली. आणि पाणबुड्या वर आला तो शेवटच्या घोटाला. म्हटलं, हे काय? मग लक्षात आलं. लोक दम संपेपर्यंत खाली जातात, मॅडम. परतीचा दम कुणी धरतच नाही. आणि हिचा दम म्हणजे त्या पाणबुड्याच्या दमाचा बरोबर अर्धा."

"पंपाचा दट्ट्या मारून मोजलेला," घड्याळ म्हणाली, आणि आपल्याच विनोदावर खोकत हसली.

"मग खोल कसे जाता? हिचा दम तर तेवढाच."

"तेवढाच कुठे? वाढतोय ना, आणि रोजच्या बुडीनं गेममधल्या पाणबुड्याचाही. रोज केसभर. डॉक्टरांना विचारून, घाई न करता. आणि कंट्रोलर घेणारे हात सरळ जायला शिकलेत, उगाच मासे बघत बसत नाहीत. तळ जवळ आलाय आमचा." सर हे इतकं सहज म्हणाले की जणू बस येऊ घातली आहे. "लाल रंग कुठे जातो ते मुलांना माहीत आहे. पाण्यात लाल सगळ्यात आधी मरतो. ती दोरी बघा, खाली काळी होते. वर येताना पुन्हा लाल होते. पुस्तकात हे दोन ओळींत आहे. कुणाच्या लक्षात राहत नाही."

 तिला काय झालं होतं ते शब्दांत धरणं कठीण होतं, आणि शब्दांत धरणं हेच तर तिचं काम. चांगली धडधाकट पोरं, पोहणारी, धावणारी, भिंतीवरून उड्या टाकणारी, आपापल्या फुप्फुसांत अजून कितीतरी हवा शिल्लक ठेवून, एका दमेकरी मुलीचा हात वर आला की मुकाट्यानं वळत होती. कण्हत होती, पण वळत होती. दयेनं नव्हे. ती वळली नाहीत तर माणूस बुडतो, म्हणून. सबंध समुद्र त्या मुलीच्या छातीएवढा खोल होता, आणि उद्या केसभर जास्त. एखाद्या मोठ्या देवळात, जिथे आपण कुठल्याही नवसासाठी आलेलो नाही, तिथे पाऊल टाकल्यावर आपोआप आवाज खाली येतो, तसं तिचं आतल्या आत झालं. जाताना ती जिना फार हळू उतरली. मोजलेला आकडा तिच्याजवळ नव्हता.

(ग) 'श्वास' म्हणजे

(ग) 'वर्ग' म्हणजे अशा व्यक्तींचा समूह, ज्या एकाच वेळी

(ग) 'हात' म्हणजे, सावलीसह,

तीन कागद चुरगळून झाले. चिरंजीव तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याला उभ्यानंच बोलायची सवय होती, बसलं की निर्णय घ्यावा लागतो म्हणून.

"काय निघालं? चीटिंग?"

"नाही." तिनं हातांची गोष्ट सांगितली.

"छान आहे," तो म्हणाला, आणि त्याला ते खरंच छान वाटलेलं दिसलं. "पण आकडा सांगा. खेळाडू धरले तर एका प्रतीला आठाच्या वर चालत नाहीत. प्रेक्षक धरले तर जाहीर खेळ झाला. त्यातलं संगीत आपल्या मालकीचं नाही, परवानगी मिळायची नाही. कसंही धरा, बंदच."

"ते खेळाडू नाहीत आणि प्रेक्षकही नाहीत."

"मॅडम, खाने दोन आहेत. माणूस एका तरी खान्यात बसतोच."

"आणि नाही बसला तर?"

"तर तो माणूस नाही, फर्निचर आहे." तो हसला. मग तिचा चेहरा बघून हसणं आवरतं घेत म्हणाला, "मी नियम नाही केलेले. व्याख्या तुमच्याच आहेत. संध्याकाळपर्यंत काय ते लिहून द्या, नाहीतर मला बटण दाबावं लागेल."

तो गेला. व्याख्या तुमच्याच आहेत. तिनं दुसरी ओळ पुन्हा वाचली. जिच्या असण्यानसण्याने खेळात फरक पडत नाही. किती सफाईदार वाक्य होतं, आणि ते सुचायला तिला अजिबात वेळ लागला नव्हता हे तिला आठवलं. पाठ असल्यासारखं आलं होतं. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या काचा पुसणारा माणूस दोरीवर लोंबकळत खाली सरकत होता, एक मजला, थांबला, आणखी एक मजला. त्याची दोरी लाल नव्हती, पिवळी होती. तिनं नकळत श्वास धरला, तो रस्त्यावर टेकेपर्यंत धरायचं ठरवलं, आणि तिसऱ्या मजल्याशीच तो सुटला. शीळ वाजली. शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट वर न बघता म्हणाली, "पंप घ्या, ताई." तिनं पंप घेतला आणि दादाला फोन लावला.

"दादा, लिंबूटिंबू म्हणजे काय रे?"

"म्हणजे तू."

"तसं नाही. नीट व्याख्या सांग. कामाचं आहे."

"तुझ्या ऑफिसात काय विटीदांडू सुरू केलात का?" दादा निवृत्त झाल्यापासून त्याला फोन म्हणजे मेजवानी. "बरं, लिहून घ्या बाईसाहेब. लिंबूटिंबू म्हणजे जो खेळात असतो पण ज्याच्यावर राज्य येत नाही. आउट झाला तरी आउट नाही. पकडला तरी पकडला नाही."

"म्हणजे असून नसल्यासारखा."

"हॅट! कोण म्हणतं?"

"तूच म्हणायचास. हिचं धरायचं नाही."

"ते राज्यापुरतं. अगं, आई दारात उभी राहून काय म्हणायची ते विसरलीस? 'हिला घेणार असाल तर जा, नाहीतर बसा घरात.' तुझ्याशिवाय आम्हाला उंबरा ओलांडायची सोय नव्हती. तू झोपलीस की आम्ही तुझ्या उशाशी बसून राहायचो, कधी उठतेस म्हणून. तुझी छाती भरली की सबंध गल्लीचा खेळ बंद, कारण चेंडू आपल्या घरात. ती सगळी कार्टी खिडकीतून विचारायची, 'उठली का? उठली का?' तुला काय वाटलं, तुझ्या प्रेमानं?" तो खो खो हसला. "असून नसल्यासारखी म्हणे! तू आमचं लायसन्स होतीस, लायसन्स. आई तुझ्यावर सही करायची तेव्हा आम्ही बाहेर पडायचो."

काचा पुसणारा माणूस रस्त्यावर पोचला होता आणि मान वर करून आपण पुसलेल्या काचा पाहत होता.

"आहेस ना? का कट झाला?"

"आहे."

"वाजतेय तुझी छाती. इथपर्यंत ऐकू येतेय."

"वाजू दे," ती म्हणाली.

उठली का, उठली का. हे तिला आठवत होतं. पलंगाला लागून खिडकी, खिडकीला गज, गजांमधून घुसलेली नाकं. तापात, अर्धवट झोपेत ती ते ऐकायची आणि तिला वाटायचं, ही सगळी आपल्याला चिडवायला आली आहेत. इतकी वर्षं तेच वाटत राहिलं होतं. आता ती नाकं तशीच होती, गज तेच होते, कुणी एक शब्दही बदलला नव्हता, आणि तरी सगळी खिडकी आतून बाहेर उलटली. ती आत अंथरुणावर पडून श्वास ओढते आहे, आणि बाहेर एक सबंध गल्ली, चेंडूशिवाय, राज्याशिवाय, त्या श्वासाकडे कान लावून उभी आहे. तिला आपल्या मनगटावरचे केस उभे राहिलेले दिसले. एवढी मोठी गोष्ट एवढ्या लहान छातीत इतका काळ मावली कशी?

(ग) 'लिंबूटिंबू' म्हणजे अशी व्यक्ती, जी खेळात आहे. जिच्या हातात कंट्रोलर नाही. जिच्यावर राज्य येत नाही. आणि जिच्यावाचून खेळ सुरू होत नाही. लिंबूटिंबूंच्या संख्येवर मर्यादा नाही.

चिरंजीवनं कागद उभ्यानं वाचला. मग खुर्ची ओढली आणि बसला.

"असा शब्द कुठल्या करारात आहे?"

"या."

"वकील हसतील."

"हसू देत. हसले म्हणजे वाचला."

त्यानं कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "वरच्या मजल्यावर हातांची गोष्ट मी सांगितली. ज्या बाईनं हा गेम बांधला ना, ती जेवण सोडून उठली. म्हणाली, परतीचा दम मी बरोबर अर्धा ठेवला होता, पण तो कुणाला सापडेल असं मला वाटलं नव्हतं. दोनदा विचारलं तिनं, पहिल्या हाताला वळतात? पहिल्या?" त्यानं मान हलवली. "मी बटण आज दाबत नाही. पाठवून बघू."

वकिलांकडून कागद परत आला. समासात एकच शेरा होता : लिंबूटिंबू, एकवचन की अनेकवचन? लिंगही स्पष्ट करावे. तिनं शेजारी लिहिलं, वचन : दोन्ही. लिंग : तिन्ही. त्यावर सही झाली.

करार पोस्टानं गेला असता. ती स्वतः घेऊन गेली. वर्गात पडदे ओढलेले होते, चादर ताणलेली होती, आणि ती दारात दिसताच कुजबूज झाली, "हातवाल्या मॅडम, हातवाल्या मॅडम." सरांनी करार वाचला, खिडकीच्या फटीशी धरून, ओठ हलवत, तिसऱ्या व्याख्येशी थांबले, पुन्हा वाचला, आणि मोठ्यानं वर्गाला वाचून दाखवला. मुलं हसली. घड्याळ हसली नाही. तिनं विचारलं, "म्हणजे मी कागदावर आहे?"

"आहेस," ती म्हणाली.

"पण आमच्यात राज्य सगळ्यांवर येतं," घड्याळ म्हणाली. "माझ्यावर पण आलं होतं, परवा. तुमच्या कागदात चूक आहे."

 तिनं सरांच्या हातातला कागद घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. चूक होती, खरंच होती, आणि कुठल्याही वकिलाला दिसली नव्हती. सर घसा खाकरून काहीतरी समजुतीचं बोलणार होते, तेवढ्यात घड्याळनं बाकावरचा कंट्रोलर उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"घ्या. तुमच्यावर राज्य."

"मला येत नाही."

"डावा अंगठा खाली. सावली दिसली की वर. ज्याच्यावर राज्य असतं त्यानं श्वास घेत राहायचा, नाहीतर डोकं चालत नाही. बाकी काही नाही त्यात."

कंट्रोलर उबदार होता, कुणाच्या तरी हाताचा. ती पहिल्या बाकावर बसली, गुडघे बाकाला टेकत होते. मागे कुठेतरी सरांनी म्हटलं, "दम धरा," आणि सबंध वर्गानं एक घोट घेतला आणि तो बंद झाला. पाणबुड्या पाण्यात शिरला. आधी पाणी हिरवं होतं. त्यात उजेडाच्या काठ्या उभ्या होत्या, मग त्या विरघळल्या. लाल दोरी तपकिरी झाली, मग काळी. निळा रंग गडद होत होत अशा जागी आला की त्याला रंग म्हणवेना. नुसतं असणं उरलं, सगळ्या बाजूंनी सारखं. ठोके लांब लांब पडू लागले. आणि त्या शांततेत तिला एक बारीक आवाज ऐकू आला, सतत, आत येणारा, बाहेर जाणारा. शीळ. तिची. एवढ्या खोलीत श्वास घेणारी ती एकटीच होती. लपायला जागा नव्हती आणि कुणी तिला गप्प बस म्हणत नव्हतं. त्या आवाजावर सगळे लटकून खाली चालले होते. पाठीमागे इतकी भरलेली, बंद केलेली छाती तिनं कधी अनुभवली नव्हती. मानेच्या मागून ती तिला जाणवत होती, भिंत जाणवते तशी.

हात आला नाही. कालच्या खोलीची खूण, एक वाकडा खडक, मागे पडली. तरी आला नाही. मग खाली काहीतरी फिकट दिसू लागलं. पहाटे डोळे उघडायच्या आधी पापण्यांना दिसतं तसं. वाळू. हा तळ होता. सपाट, कुणी न पाहिलेला, कुणाचीही वाट न बघणारा.  पाणबुड्यानं हात पुढे केला, बोटं आणि वाळू यांच्यात एक वीतभर पाणी उरलं, आणि त्या वीतभर पाण्यात, उजवीकडून, एका लहान, गुबगुबीत हाताची सावली आली.

एक वीत. अंगठा आणखी एवढासा दाबला असता. राज्य तिच्यावर होतं, आणि लिंबूटिंबूचं धरायचं नसतं. हे तिला सबंध, शब्दन्‌शब्द आठवलं, आणि आठवेपर्यंत तिचा अंगठा वळून गेला होता.

मागून कुणी कण्हलं नाही. वाळू फिकट होत गेली आणि नाहीशी झाली. वर्गात आता दोन शिळा वाजत होत्या, एक तिची, एक तिसऱ्या बाकावरची, मागेपुढे, मग हळूहळू एकाच तालावर. बाकीचे अजून धरून होते. खडक आला, गेला. निळा परतला, मग हिरवा. दोरी तपकिरी झाली, आणि मग कुठल्या क्षणी ते सांगता येणार नाही, पण ती लाल झाली, इतकी लाल की तिनं जन्मात लाल पाहिलाच नव्हता असं तिला वाटलं. वर उजेड हलत होता. पाणबुड्याचं डोकं पाण्याबाहेर आलं, त्यानं तोंड उघडलं, आणि मग सबंध वर्गानं श्वास घेतला, आणि तिला स्वतःचा ऐकू येईनासा झाला.